ओढण्याआधी आत ढकला

दौंड तालुका पर्जन्यछायेतला. इथे कोकणासारखी खारी हवा नाही की चार-चार महिने धो धो पाऊस नाही. तरीही केडगाव-चौफुला पट्ट्यातल्या जुन्या पिकअपांचे फाळके जरा वाकून बघा. वरून रंग ठीकठाक, खालची कड मात्र चाळणी झालेली. आणि हँडल? एका हाताने उघडणारं हँडल मला तरी बाजारात क्वचितच दिसतं. कुणी पाय लावून ओढतो, कुणी हातोडी घालतो, कुणी हँडलचा नादच सोडून फाळक्याला कायमचा कासरा बांधून टाकतो.

माझी गाडी डबल केबिनची, जुनी. तिच्या हौद्यात कांदा येतो, खत येतं, वैरण येते, लग्नसराईत मांडववाल्याची भांडीही येतात. न्हावऱ्याकडून येणारा रस्ता, पारगावचा भीमेवरचा पूल, केडगावचा उपबाजार आणि पुढे चौफुला, एवढीच तिची दुनिया. तिच्या फाळक्यापायी जे शिकलो ते इथे मांडतो. नव्या गाडीवाल्यांनी नाही वाचलं तरी चालेल. त्यांची वेळ यायचीच आहे.

१. हँडल बहुधा निर्दोष असतं

साध्या मालवाहू पिकअपला फाळक्याच्या दोन टोकांना दोन उघडे खटके असतात. ते डोळ्यांना दिसतात, त्यांच्यावर तेल सोडता येतं, अडलेच तर खालून एक टोला देता येतो. डबल केबिनवाल्या गाड्यांचं तसं नाही. तिथे बाहेरून दिसतं ते फक्त मधलं हँडल, बाकी सगळा कारभार पत्र्याच्या पोटात.

तो कारभार एकदा समजून घेतला की निम्मं काम झालं. हँडल उचललं की त्याच्यामागची एक छोटी पट्टी फिरते. पट्टीला दोन रॉड अडकवलेले असतात, एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. प्रत्येक रॉडच्या टोकाला एक लॉक. लॉकच्या जबड्याने हौद्याच्या कडेची खुंटी धरलेली असते. रॉड ओढला गेला की जबडा सुटतो आणि फाळका खाली येतो. म्हणजे आपला हात मधोमध, आणि पाणी, माती, गंज यांचा मुक्काम दोन-अडीच फुटांवर, कडेला. हँडल जड लागलं म्हणून आपण हँडललाच दोष देतो.

चौफुल्याच्या आमच्या फिटरमामांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं. "हँडल म्हंजी निस्ता निरोप्या. निरोप पोचंना, तर निरोप्याला कशापायी हाणताय?" त्यात हे हँडल असतं ओतीव धातूचं नाहीतर प्लॅस्टिकचं. ते वाकत नाही, सरळ तुटतं. लॉकमधला गंज जागचा हलत नाही आणि हँडलचा तुकडा हातात येतो, हा प्रकार बाजारात रोजचाच.

२. ओढण्याआधी आत ढकला

सगळ्यांत आधी हे करून बघा, कारण याला खर्च नाही आणि पाना लागत नाही.

गाडी भरलेली असताना फाळका उघडत नाही आणि रिकामी असताना उघडतो, अशी तक्रार असेल तर गंज हे अर्धंच कारण. कांद्याच्या गोण्या रस्त्याने येताना धक्क्याधक्क्याने मागे सरकतात. पारगावचा पूल चढताना तर सगळा माल फाळक्यावर रेलतो. तो भार येतो लॉकच्या जबड्यावर. जबडा खुंटीवर इतका घट्ट दाबला जातो की हँडलच्या छोट्या तरफेने तो सुटत नाही. नवं जाड रबर बसवलेल्या फाळक्याचंही असंच होतं. रबर फाळक्याला बाहेर रेटतं, जबडा ताणाखाली राहतो.

म्हणून एकाने फाळक्याला खांदा लावून आत दाबायचं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी हँडल उचलायचं. ओढायचं नाही, उचलायचं. गाडी चढाला उभी असेल तर आधी तोंड उताराकडे करून लावा, माल आपोआप केबिनकडे झुकतो. एवढ्याने न उघडलेला फाळका पुढच्या दुरुस्तीचा, पण अर्ध्याहून जास्त फाळके इथेच उघडतात असा माझा अनुभव आहे.

एक धोक्याची गोष्ट. सुटा माल काठोकाठ भरला असेल तर फाळक्यासमोर उभं राहून हा प्रयोग करू नका. लॉक सुटलं की फाळका आणि माल एकदमच अंगावर येतो. आधी बाजूने चढून मागचा थर कमी करा, मग हात घाला.

३. हाताला काय लागतं ते बघा

कव्हर उघडण्याआधी हँडल चार वेळा सावकाश उचलून पाहायचं. ते ढिलं पडलं असेल, काहीच ताण लागत नसेल, तर गंजाचा संबंध नाही. रॉड निसटलाय. रॉडला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप उन्हाने कडक होते आणि एक दिवस कट् करून जाते. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडी उघड्यावर उभी असली तर क्लिपचं आयुष्य फार नसतं.

हँडल जागचं हलतच नसेल तर त्याची स्वतःची पिन किंवा मागची पट्टी धरली आहे. उचललं जातं, ताणही लागतो, पण फाळक्याची एकच बाजू पुढे येते, तर उरलेल्या बाजूचं लॉक जाम आहे. सगळ्यांत जास्त भेटणारा प्रकार हाच. आणि उचललेलं हँडल वरच राहत असेल तर स्प्रिंग गेली किंवा तिच्यात माती बसली.

४. बंद फाळका हौद्यातून उघडतो

फाळका बंद, हँडल मेलेलं, आता काय? बाहेरून पत्रा उचकटणारे महाभाग आहेत. त्यांच्या गाड्या मागून ओळखू येतात. खरं तर फाळक्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे हौद्याच्या बाजूला, एक आडवं कव्हर असतं. हौदा रिकामा करायचा, आत उतरायचं, गुडघ्यावर बसायचं आणि कव्हरचे स्क्रू काढायचे. समोर पट्टी, दोन रॉड आणि हँडलची मागची बाजू उघडी पडते.

आता पक्कड घेऊन एकेक रॉड मधल्या बाजूला ओढून बघा. जो रॉड सहज येतो त्याचं लॉक ठीक. जो येत नाही, तिकडे आजार. दुसऱ्या कुणाला बाहेरून फाळका आत दाबायला सांगा आणि अडलेल्या रॉडला पकडीने हळूहळू पुढे-मागे करा. झटका नको. रॉड बारीक तारेसारखाच असतो, वाकला की हँडलची ओढ तो वाक सरळ करण्यातच जाते, आणि लॉक ठीक असूनही उघडत नाही. म्हणजे एका दुखण्याची दोन दुखणी.

गाडीवर पक्क्या टपाचं झाकण असेल आणि माल आत अडकला असेल तर हा मार्ग बंद. अशा वेळी झाकणाची खिडकी काढून आत शिरणारा एखादा किडकिडीत पोरगा शोधावा लागतो.

५. बारीक मनगटाची किंमत

किडकिडीत पोरगा म्हटलं खरं, पण आमच्या घरात हे काम थोरल्या लेकीचं. कव्हरच्या मागे पत्र्याला जे भोक असतं ते जेमतेम वीतभर. आम्हा बाप्यांचे पंजे त्यात शिरतात पण वळत नाहीत, आणि धारदार कडेवर मनगट सोलून निघतं. तिचा हात कोपरापर्यंत जातो. डोळ्यांनी दिसत नाही ते ती बोटांनी सांगते. "पप्पा, क्लिप आहे पण तिचं नाक तुटलंय." "इथे खाली काहीतरी ओलं आहे, गाळासारखं." हातात जुना कापडी मोजा घालते, मनगटाला चिंधी गुंडाळते, आणि दुसऱ्या हातात मोबाइलचा दिवा.

पहिल्यांदा तिला हौद्यात बसून पाना फिरवताना बघून रस्त्याने जाणारे थांबले होते. थांबण्यासारखं काही नव्हतं. याच केडगावात १८९६-९७ च्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी वाचवून आणलेल्या बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं बायका-मुलीच करत. रमाबाईंचं मराठी बायबल त्याच छापखान्यात छापलं गेलं. ज्या गावच्या बायकांचे हात शंभर वर्षांपूर्वी शाई आणि यंत्रात माखत होते, त्या गावाला पोरीच्या हाताला लागलेल्या ग्रीसचं अप्रूप वाटू नये.

६. गंजलेल्या स्क्रूशी घाई चालत नाही

सगळ्या कामात वेळ खाणारा भाग हा. लॉक साफ करायला तासभर लागतो. ते लॉक धरून ठेवणारे स्क्रू आणि बोल्ट काढायला अख्खा दिवस जाऊ शकतो.

लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तो गंज ठासून बसतो, म्हणून बोल्ट पाचरीसारखा अडकतो. नुसता जोर लावला तर गंज सुटत नाही, डोकं सोलून निघतं. एकदा स्टार स्क्रूच्या खाचा गोल झाल्या की स्क्रू ड्रायव्हर नुसता घसरत राहतो.

क्रम असा ठेवायचा. आधी खिळ्याच्या टोकाने स्क्रूची खाच कोरून साफ करा, म्हणजे ड्रायव्हर पूर्ण खोल बसेल. वायर ब्रशने बाजूचा गंज झाडा. मग पातळ तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा सोडा. ड्रायव्हर खाचेत ठेवून त्याच्या मुठीवर हातोडीचे हलके टोले द्या. त्या हादऱ्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरतं. पहिला फेर नेहमी आवळण्याच्या दिशेने, अगदी किंचित. लोकांना हे उलटं वाटतं, पण गंजाची पकड तुटते ती या उलट्या हलण्यानेच. मग अर्धा फेर सोडा, पुन्हा पाव आवळा, पुन्हा सोडा. कुरकुर आवाज येतो, तांबडं पाणी बाहेर येतं. तो आवाज येत असेपर्यंत सगळं ठीक चाललंय.

डोकं गेलंच असेल तर हॅक्सॉच्या पात्याने मधोमध नवी खाच पाडून सपाट ड्रायव्हर वापरता येतो. तेही जमलं नाही तर वेल्डिंगवाला स्क्रूच्या डोक्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड मारतो. दोन फायदे होतात. पाना धरायला जागा मिळते आणि त्या उष्णतेने आट्यांमधला गंज सैल होतो. मात्र वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, आदल्या रात्री सोडलेलं तेल पुसून कोरडं करा आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा आधी बाजूला काढा. शेजारी ओलं गोणपाट आणि पाण्याची बादली हवीच. फाळक्यात साचलेलं उसाचं वाळकं पाचट ठिणगीची वाटच बघत असतं.

काढलेले जुने स्क्रू पुन्हा लावू नका. नवे घेताना आट्यांचं माप जुन्याशी जुळवून बघा आणि बसवताना आट्यांना ग्रीसचं बोट लावा. पुढच्या वेळी हेच काम पाच मिनिटांत होईल.

७. कोणतं तेल

यावर गावात जितकी माणसं तितकी मतं. माझं मत एवढंच की सोडवण्याचं तेल वेगळं आणि टिकवण्याचं वेगळं, आणि बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात.

सोडवायला पातळ काहीतरी हवं, जे केसाएवढ्या फटीत आपोआप ओढलं जाईल. डिझेल उत्तम काम करतं. डब्यातला फवारा मिळतो तोही चांगला. त्यातला सगळ्यांत नावाजलेला डब्ल्यूडी-४० हा १९५३ मध्ये अमेरिकेत, मुळात धातूवरचं पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवला गेला. जाम लॉक त्याने सुटतं, पण तो पातळ असल्यामुळे फार दिवस टिकत नाही. फवारा मारला, हँडल चाललं, खूश झालो, आणि पंधरवड्याने पुन्हा तेच, असं ज्यांचं होतं त्यांचं राहिलेलं काम म्हणजे ग्रीस.

घरातलं गोडं तेल मात्र घालू नका. करडईचं तेल रंगात वापरतात ते उगाच नाही. हवेत ते वाळतं आणि त्याचा पापुद्रा धरतो. सोयाबीन, सूर्यफुलाचंही थोडंफार तेच. आठवडाभर हँडल लोण्यासारखं चालतं, मग आत चिकट, पिवळा, मेणचट थर तयार होतो आणि त्यावर काळ्या मातीची धूळ बसते. हा थर गंजापेक्षा वाईट. डिझेलमध्ये भिजवून टूथब्रशने खरडावा लागतो.

लॉक सुटल्यावर ते गाडीवरून काढा, डिझेलच्या डब्यात बुडवा, जुन्या ब्रशने घासा, पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेच्या पाइपने फुंकून घ्या. ब्रशखाली आधी काळा चिखल निघतो, मग तांबडा, मग एकदाची लोखंडाची करडी चकाकी दिसते. जबडा बोटाने दाबला की टपकन बंद आणि खटका ओढला की टपकन उघडा, असं झालं की सुकू द्या. मग ट्रॅक्टरला लावतो तेच लिथियमचं ग्रीस, मुगाच्या दाण्याएवढं, जबड्याच्या पिनेवर आणि स्प्रिंगवर. जास्त नको. जास्त ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण, आणि आमच्या रस्त्यांवर आमंत्रणाची गरज नाही.

चावीचं भोक असेल तर तिथे ना तेल ना ग्रीस. पेन्सिलीचं शिसं ब्लेडने बारीक खरवडून ती पूड चावीला लावायची आणि चावी आत-बाहेर करायची. कोरडं राहतं, धूळ धरत नाही.

८. गंज येतो कुठून

पुन्हा पर्जन्यछायेकडे. ज्या गाडीत फक्त माणसं बसतात तिचा मागचा दरवाजा आमच्या भागात वर्षानुवर्षं टिकतो. मालाच्या गाडीचा टिकत नाही. म्हणजे दोष आकाशाचा नाही.

सगळ्यांत मोठा शत्रू रासायनिक खत. पोटॅश म्हणून जे गुलाबी-पांढरे दाणे मिळतात ते बहुतेक पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतं. हमालाच्या हुकाने गोणी फाटते, मूठभर दाणे हौद्यात सांडतात, झाडून काढले तरी फाळक्याच्या खालच्या खाचेत जाऊन बसतात. युरिया हवेतलं पाणी ओढून ओला होतो हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, फक्त तो ओला होतो तेव्हा कशावर पडलेला असतो याचा विचार आपण करत नाही. रात्री दव पडलं की त्या खाचेत खाऱ्या पाण्याचा थेंब तयार. समुद्र केडगावला येत नाही, आपण तो गोणीतून आणतो.

दुसरा शत्रू कांदा. कोरडा कांदा निरुपद्रवी. पण त्याची सालं, ती पातळ तांबूस फोलपटं, लॉकच्या तोंडातून आत जातात आणि तिथे थरावर थर बसतात. एकदा आमच्या उजव्या बाजूच्या लॉकमधून चिमट्याने ती काढली तर काडेपेटीएवढा गठ्ठा निघाला, आतून ओलसर, काळपट, कुबट वासाचा. अशा गठ्ठ्यात ओल आठवडाभर मुरून राहते. त्यात पावसाळ्याच्या तोंडी चाळीतला सडका कांदा वाहिला, त्याचं पाणी झिरपलं, तर विचारूच नका.

तिसरी गोष्ट शत्रू म्हणावी की आळस, ते तुम्ही ठरवा. फाळक्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला लहान भोकं ठेवलेली असतात. कंपनीने ती उगाच ठेवलेली नाहीत. चिखल आणि पाचटाने ती बुजतात, आणि वरून गेलेलं पाणी फाळक्याच्या पोटात तळ्यासारखं साचतं. मग पत्रा आतून बाहेर गंजत येतो. बाहेरून रंगाला फोड दिसतो तोवर आतला पत्रा कागदाएवढा उरलेला असतो. सायकलच्या चाकाची एक तार घ्या, वाकून ती भोकं कोचा. बुजलेली असतील तर पाणी धारेने येईल आणि त्याचा रंग चहासारखा असेल.

धुण्याबद्दलही थोडं. खत वाहिलं त्याच दिवशी फाळका धुवा, पण कशाने धुता ते बघा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल, भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील, तर ते गाडीवरही तसेच पडतात. कालव्याला पाणी असेल तर ते बरं, शेवटी साध्या पाण्याची एक बादली आणि मग फाळका खाली पाडून उन्हात वाळू द्यायचा. बंद करून ठेवलेला ओला फाळका म्हणजे धुतलेलं सगळं वाया.

फोड आलेला असेल तर त्यावर लांबी भरून रंग मारणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बाहेरून सहा महिने छान दिसतं. आधी पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासणं, मग रेड ऑक्साइड, मग रंग, आणि आतल्या बाजूने डिझेलमध्ये पातळ केलेलं ग्रीस ब्रशने. काळं जुनं ऑइल ओतायची आपल्याकडे पद्धत आहे. ते भोकातून थेंबथेंब वावरात, गोठ्यात, विहिरीच्या काठावर गळत राहतं, म्हणून मी घालत नाही.

९. बिजागरी आधी, लॉक नंतर

फाळक्यावर उभं राहून माल चढवायची सवय सगळ्यांना. गोणीसकट माणूस म्हणजे शंभर किलोच्या वर, तेही धक्क्याने. बिजागरीच्या पिना झिजतात, फाळका एका बाजूला दोन सूत खाली बसतो, आणि लॉकचा जबडा खुंटीसमोर न येता तिच्या वर-खाली येतो. मग लोक आपटून फाळका लावतात. अशा गाडीचं लॉक कितीही साफ करा, महिन्याभरात पुन्हा कुरकुर.

फाळका अर्धवट उघडून एका टोकाला धरून वर-खाली हलवा. खडखडला तर आधी पिन आणि बुश बदला. साखळ्या किंवा तारा, ज्यांच्यावर उघडा फाळका टेकतो, त्याही त्याच वेळी बघा. गंजलेली साखळी तुटते ती कुणीतरी फाळक्यावर उभं असतानाच.

१०. नवं हँडल घ्यायचंच असेल तर

जुनं हँडल हातात घेऊन जा. फोटो चालत नाही. मागच्या पट्टीतली भोकं आणि रॉडचा वाक जुळला पाहिजे. पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, आणि जुनंच पण मूळ कंपनीचं हवं असेल तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. केडगाव स्टेशनवरून सकाळची गाडी पकडली की दुपारच्या आत काम उरकतं. चकचकीत, हलकं आणि स्वस्त हँडल दुकानदार आधी पुढे करतो. ते अंगठ्याने दाबून बघा. पिनेची जागा लवत असेल तर ठेवून द्या. क्लिपा मात्र जोडीने जास्तीच्या घ्या, त्या जायच्याच.

११. फाळका लावण्याआधी लॉक लावून बघा

सगळं जोडून झालं की हात शिवशिवतात, फाळका धाडकन लावावासा वाटतो. थांबा. आत रॉड चुकीचा अडकला असेल तर फाळका बंद होईल आणि उघडणार नाही, मग पुन्हा हौद्यात गुडघे टेका.

फाळका उघडा असतानाच स्क्रू ड्रायव्हरचा दांडा खुंटीसारखा एका लॉकच्या जबड्यात दाबायचा. खट् असे दोन आवाज आले पाहिजेत. पहिल्या आवाजाला लॉक अर्धंच लागतं, आणि अर्ध्या लागलेल्या लॉकवर पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसपर्यंत गेलात तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या पुढ्यात गोणी पडू शकते. दुसऱ्या बाजूलाही तसंच दाबा. मग हँडल सावकाश उचला. दोन्ही जबडे एकाच वेळी सुटले तर रॉड बरोबर आहेत. एक आधी सुटला आणि दुसरा शेवटच्या क्षणी, तर मागे राहणाऱ्या रॉडच्या टोकाचा आटा अर्धा फेर फिरवून त्याची लांबी जुळवा आणि पुन्हा बघा. काही गाड्यांच्या रॉडला आटे नसतात. तिथे क्लिप नीट बसली आहे का आणि रॉड वाकलाय का, एवढंच तपासायचं.

हे दहा वेळा झालं की फाळका लावा, बाहेरून दोन्ही टोकांना धरून हलवा, उघडा, पुन्हा लावा. कव्हरचे स्क्रू सगळ्यांत शेवटी, आणि तेही पहिल्या कांद्याच्या खेपेनंतर घट्ट आवळलेत तर बरं.